श्वास जमला म्हणजे डिजरीडू आलं असं नाही

कुणीतरी विचारलंय, डिजरीडूचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या लांब नळीच्या वाद्याचा, सराव पीव्हीसी पाइपवर केला तर चालेल का? बिनधास्त करा. दीड इंची, साधारण सव्वा मीटरची नळी आणि तोंडाशी मधमाश्यांचं मेण, एवढं पुरतं. मूळ वाद्य वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीचं असतं.

आवाज न तोडता श्वास घेण्याचं कोडं आपल्या सनईवाल्यांना नवं नाही. गालात हवा साठवायची, ती गालांनीच बाहेर ढकलताना नाकाने झटकन श्वास ओढायचा. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे अखंड चालू ठेवा. पहिला आठवडाभर माझा शर्ट भिजत होता, आणि घरच्यांची करमणूक वेगळीच!

पण 'नुसता घुं आवाज तर आहे' हे काहींचं मत मला पटत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ईशान्य आर्नहेम लँडचे योल्ङु आदिवासी या वाद्याला यिडाकी म्हणतात. त्यांच्याकडे लय जिभेवर असते. तबल्याच्या बोलांसारखी अक्षरं आधी तोंडाने म्हणायची, मग तीच नळीत. मध्येच भोंग्यासारखा वरचा स्वर निघतो तो वेगळाच. गाणारा बिल्मा, म्हणजे लाकडी टिपऱ्या, वाजवतो आणि यिडाकी त्याच्या मागे जाते. म्हणून आधी टिपऱ्यांवर ठेका धरा.

आणखी एक. विधींमधल्या वादनाचे हक्क कुळांकडे असतात, आणि तिथे परंपरेने पुरुषच वाजवतात. त्या चाली उचलून रील बनवू नका, स्वतःचे ठेके बांधा. गोव्याच्या बाजारातली बांबूची रंगीत नळी घ्या हवी तर, फक्त तिला 'अस्सल आदिवासी' म्हणू नका.