माशीची दया येणाऱ्या इस्साने वाटणीसाठी बारा वर्षं भांडावं?

सांजवारा: जपानी कवी कोबायाशी इस्साच्या (१७६३–१८२८) हायकूंवर माझा फार जीव आहे. ‘मारू नको रे, / माशी बघ हात चोळते, / पायही चोळते’ हे वाचल्यापासून माशीवर उगारलेला माझा हात खाली येतो. म्हणूनच त्याच्या घरची भाऊबंदकी मला टोचते. पंधराव्या वर्षी त्याला एदोला (आजच्या टोक्योला) धाडलं. काशिवाबारा या त्याच्या गावातली शेती सावत्र आई आणि सावत्र भाऊ सेन्रोकू यांनी कसली, वाढवली. १८०१ मध्ये वडील गेले आणि इस्सा निम्मा वाटा मागू लागला. १८१३ मध्ये गावच्या बौद्ध मंदिरातल्या पुरोहिताच्या मध्यस्थीने तंटा मिटला, राहतं घर मधोमध वाटलं गेलं. माशीची बाजू घेणाऱ्याला घरात राबणारी माणसं कशी दिसली नाहीत?

गारगोटी: अजिबात पटलं नाही. तो हौसेने गेला होता का? आई तिसऱ्या वर्षी गेली, आजी होती तोवर निभावलं, मग थेट घराबाहेर. वडील तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा उशाशी तोच होता. त्या दिवसांची त्याची रोजनिशी वाचा. निम्मं देण्याची इच्छा वडिलांचीच होती. हक्काचं मागणं हा लोभ नव्हे.

सांजवारा: रोजनिशी त्याची, म्हणजे सावत्र आई आपल्याला दिसते तीही त्याच्याच डोळ्यांनी. तिची बाजू कुणी लिहिली? आणि ‘ये, खेळ माझ्याशी, / आई नसलेल्या / चिमणीच्या पिल्ला’ याखाली ‘वय सहा, यातारो’ असं त्याने लिहिलंय. यातारो हे त्याचं लहानपणीचं नाव. प्रत्यक्षात हायकू लिहिला पन्नाशी उलटल्यावर!

पाणंद: मला त्यात खोटेपणा दिसत नाही. पन्नाशीतल्या माणसाला सहाव्या वर्षीचं अंगण अजून आठवतंय. आणि वाटणीनंतर काय झालं तेही बघा. १८१४ मध्ये किकूशी लग्न झालं. तिची चारही मुलं लहानपणीच गेली. लेक सातो १८१९ मध्ये देवीच्या साथीत गेली, तेव्हा लिहिलं: ‘दवाचं जग / दवाचंच जग हे, / तरीपण… तरीपण…’ सगळं नश्वर आहे हे बुद्धवचन त्याला मान्य आहे. पहिल्या दोन ओळींत तो ते म्हणतोही. तिसऱ्या ओळीत मात्र बाप बोलतो आणि वाक्य पुरं करू शकत नाही. १८२३ मध्ये किकूही गेली.

गारगोटी: आणि ज्या घरासाठी बारा वर्षं घालवली ते १८२७ च्या आगीत जळालं. मातीच्या भिंतींच्या कोठारात राहिला, त्याच हिवाळ्यात गेला. ते कोठार आजही काशिवाबारात जपलंय. अशा माणसाला लोभी म्हणवत नाही.

सांजवारा: लोभी मी म्हटलंच नाही. सातोच्या हायकूपुढे माझेही शब्द संपतात. पण सेन्रोकूने शेतात गाळलेल्या घामावर इस्साचा एकही हायकू मी वाचलेल्या अनुवादांत मला सापडला नाही. कुणाला ठाऊक असेल तर इथे जरूर द्या, मनापासून वाचायचा आहे.