थॉम्पसन आणि तास-ए-गणेश: जनुकीय फरकांची माहिती ऑनलाइन कोठे शोधावी?

वेल_मिरज
नमस्कार. मी सांगलीत वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. थॉम्पसन सीडलेस हे द्राक्षाचे वाण आणि त्यातूनच तासगावात निवडलेले तास-ए-गणेश यांच्यात डीएनएच्या पातळीवर कोणता फरक आहे, आणि बिनबियांच्या गुणासाठी वापरला जाणारा मार्कर (गुण ओळखायची डीएनएतील खूण) आपल्या संकरांत रोपावस्थेतच उपयोगी पडेल का, हे मला पाहायचे आहे. अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेच्या डीबीएसएनपी या जनुकीय फरकांच्या संग्रहात द्राक्षाचे काहीच मिळाले नाही. कोठे शोधावे?

जीनोम_वाचक
डीबीएसएनपीने २०१७ पासून मानवाखेरीज इतर सजीवांची माहिती स्वीकारणे बंद केले. ते काम आता युरोपियन व्हेरिएशन आर्काइव्हकडे आहे. नुसते पाहण्यासाठी मात्र एन्सेम्बल प्लांट्स हे वनस्पतींच्या जीनोमचे संकेतस्थळ अधिक सोयीचे आहे. वाणाची ओळख आणि वंशावळ हवी असेल, तर व्हिटिस इंटरनॅशनल व्हरायटी कॅटलॉग पाहावा. तेथे थॉम्पसन सीडलेस ‘सुल्तानिना’ या मूळ नावाखाली सापडेल.

एक सावधगिरी आवर्जून बाळगा. द्राक्षाचा संदर्भ जीनोम (तुलनेसाठी आधार धरलेला संपूर्ण डीएनए क्रम) पिनो न्वारच्या हेल्फेनस्टाइनर या संकर वाणापासून तयार केलेल्या पीएन ४००२४ या वेलीचा असून तो प्रथम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत. प्रत्येक आवृत्तीत त्याच बदलाचे स्थान वेगळ्या आकड्याने येते. शोधनिबंधातील आकडा आवृत्ती न पाहता उचलला, तर प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारे छोटे तुकडे) भलत्याच जागी बसतील.

संकर_तासगाव
मार्करविषयी लिहितो. अठराव्या गुणसूत्रावरील एजीएल११ या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाच्या १९७ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ल्यूसिन येते, आणि थॉम्पसनच्या वंशातील बिनबियांचा गुण याच बदलाशी निगडित आहे. तो प्रभावी असून थॉम्पसनमध्ये जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत असतो. त्यामुळे बियांच्या मादी वाणावर थॉम्पसनचा पराग वापरला, तर साधारण निम्म्या रोपांत तो उतरावा. द्राक्षाच्या रोपाला मणी धरेपर्यंत काही वर्षे जातात, म्हणून उरलेली रोपे पहिल्याच पानावर बाजूला काढता येणे ही मोठीच सोय आहे. तरीही बदल सापडलेल्या प्रत्येक रोपाचा मणी खाण्याजोगा बिनबियांचा निघेलच असे नाही. मण्यात उरणाऱ्या बियांच्या खुणेचा आकार इतर जनुकांवरही अवलंबून असतो.

तुमचा पहिला प्रश्न मला अधिक कठीण वाटतो. तास-ए-गणेश ही थॉम्पसनमधूनच आलेली निवड असल्यामुळे नेहमीचे एसएसआर मार्कर (डीएनएतील पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवर आधारलेले) दोघांना सहसा एकच ठरवतात, आणि डेटाबेसमधील थॉम्पसनचा नमुना कोणत्या वेलीचा होता, हे आपल्या हाती नसते. वेलीच्या डोळ्यात (अंकुरात) झालेले उत्परिवर्तन वेलीच्या सर्व पेशीथरांत पोहोचतेच असे नाही. ते एकाच थरात राहिले, तर अनुक्रमणात (डीएनएची अक्षरे क्रमाने वाचताना) त्या बदलाच्या वाचनांचा वाटा निम्म्याहून कमी भरतो, आणि संगणकावरील प्रचलित गाळणी त्याला चूक समजून टाकून देते. म्हणून जुळवून दिलेल्या व्हीसीएफ फाइलवर (सापडलेल्या फरकांच्या तयार यादीवर) विसंबू नका. दोन्ही वाणांचे स्वतःचे अनुक्रमण करून कच्च्या वाचनांपासून तुलना करा. याला खर्च येईल, हे खरे.

वेल_मिरज
मनःपूर्वक आभार. नमुने घेताना काही विशेष काळजी?

संकर_तासगाव
आपल्या बागा बहुतेक डॉगरिज या वेगळ्या प्रजातीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात, तेव्हा पान कलमाच्या सांध्याच्या वरच्या काडीचेच घ्या. खुंटावरून फुटलेला धुमारा चुकून आला, तर सगळी तुलनाच परक्या प्रजातीशी होईल. छाटणीनंतर फुटलेली कोवळी पाने घ्या. जून पानांतील फिनॉलमुळे डीएनए तपकिरी पडतो.

स्ट्रॉबेरी_वाई
महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसाठीही हेच संग्रह चालतील का?

जीनोम_वाचक
तिच्यासाठी जीनोम डेटाबेस फॉर रोझेसी (गुलाबकुळाचा संग्रह) पाहा. स्ट्रॉबेरी अष्टगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच, एकूण ५६ गुणसूत्रे. कॅमारोसा या वाणाचा जीनोम २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेल्या चार उपसंचांतील सारख्या दिसणाऱ्या जागा एकमेकींत मिसळतात आणि नसलेला फरक दिसू लागतो, म्हणून मार्कर निवडताना तो एकाच उपसंचात बसतो ना, हे आधी तपासून घ्या.