मदत हवी आहे: घरात विडीचं काम, बायकोला पाचवा महिना. तंबाखूच्या धुळीनं बाळाला काही होतं का?

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. मी इथं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सोलापूरचे, हैदराबाद रोडला विडी घरकुलात राहतो. मी टॉवेल कारखान्यात लूमवर आहे, आई विडी वळते. बायकोला पाचवा महिना चालू आहे. सुरुवातीच्या उलट्या थांबल्या, पण दुपारनंतर तिचं डोकं गच्च होतं, मळमळतं, कधी छातीत धडधडतं. सकाळी एकदम बरी असते. मध्ये माहेरी अक्कलकोटला जाऊन आली, तिकडं यातलं काही नव्हतं. इकडं आली की परत सुरू. दवाखान्यात सांगितलं तर 'या दिवसांत असं होतंच' म्हणाले. एचबी ९.२ आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

आता घराचं सांगतो. एक खोली, त्यातच स्वयंपाकाचा ओटा, मागं मोरी. आई दाराजवळ मांडीवर सूप घेऊन बसते. तंबाखूची पिशवी पलंगाखाली, पानं मोरीपाशी ओल्या गोणपाटात. पंखा लावला की तंबाखू उडते, म्हणून काम चालू असेपर्यंत पंखा बंद. एप्रिल-मे मध्ये पत्रा तापल्यावर आत काय होत असेल ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आई विडी वळता वळता उठते आणि तशीच भाकरीचं पीठ मळते. लहानपणापासून आमच्याकडं पहिली भाकरी जरा कडसर लागायची. भाकरी अशीच असते असं वाटायचं मला!

बायको तंबाखूला हात लावत नाही. मापाचा फर्मा (साचा) ठेवून पानं तेवढी कापून देते.

माझा प्रश्न असा, की तंबाखू खाल्ली नाही, ओढली नाही, नुसती घरात असली आणि हाताळली, तरी अंगात जाते का? पोटातल्या बाळापर्यंत पोचते का? आणि जात असेल तर आहे त्या घरात काय करता येईल?

आईला 'बंद कर' म्हणू शकत नाही. घर तिच्या हजारीवर, म्हणजे हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीवर पण चालतं, आणि पेन्शनसाठी वर्षं भरायची आहेत. विषय काढला की म्हणते, "तू पोटात असताना कळा सुरू होईपर्यंत विड्या वळल्या मी. तू काय वाकडा झालास का?" यावर मला उत्तर सुचत नाही.

घर बदला, काम बदला असले सल्ले कृपया नको.

हुरडापार्टी

बाळंत होईपर्यंत बायकोला माहेरी ठेवा. विषय संपला.

पूर्वभागवाला

सासूबाईंचं ऑपरेशन झालंय, त्यांचंच दुसऱ्याला करावं लागतंय. सातव्याच्या आधी जमणार नाही.

सेफ्टीबूट

चिंचोळी एमआयडीसीत सेफ्टीला आहे. डॉक्टर नाही, पण 'अंगात जाते का' हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे म्हणून लिहितो.

हो, जाते. निकोटिन कातडीतून शोषलं जातं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळं हात कोरडे असताना कमी आणि घामानं किंवा पाण्यानं ओले असताना जास्त आत जातं. शेतात तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी होते. याची पहिली नोंद १९७० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात झाली, पुढं आपल्या गुजरातेतल्या मजुरांमध्येही तेच दिसलं. विडीची तंबाखू वाळवलेली असते, त्यामुळं जसंच्या तसं ते इथं लागू होत नाही. पण विडी वळणाऱ्या, स्वतः तंबाखू न खाणाऱ्या-ओढणाऱ्या बायकांच्या लघवीतही कोटिनिन सापडलेलं आहे. निकोटिन अंगात गेल्यावर त्याचं जे होतं ते कोटिनिन. म्हणजे रस्ता आहे, हे नक्की. दुसरा रस्ता श्वासाचा आणि तिसरा तोंडाचा. तुमची कडू भाकरी हा तिसरा. निकोटिनची चव कडूच असते.

आता तुमच्या घरातला पेच पंख्याचा आहे. पंखा बंद म्हणून घाम, घाम म्हणून कातडीतून जास्त. पंखा चालू म्हणून धूळ सगळ्या खोलीत. यातून सुटायचं तर काम खोलीबाहेर न्यायचं, दुसरं काही नाही. दाराच्या आत बसतात त्याऐवजी दाराबाहेर सावलीत बसता येईल का बघा. दोन हातांचा फरक वाटतो, पण वारा बाहेरच्या बाहेर जातो आणि आत पंखा लावता येतो. हजार विड्यांना तंबाखू लागते साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम. तेवढीच डब्यात घेऊन बाहेर बसायचं. बाकीची पिशवी पलंगाखालून आजच काढा आणि झाकणाच्या डब्यात भरून झोपायच्या जागेपासून लांब ठेवा. रात्रभर तिच्यावरच झोपताय तुम्ही!

झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. झाडूनं खाली बसलेली धूळ परत नाकाच्या उंचीला येते.

हातमोज्यांचा सल्ला कुणी देईल, म्हणून आधीच सांगतो. विडी बोटांच्या अंदाजावर वळली जाते, मोजे घालून छाट (नापास होऊन बाजूला काढलेल्या विड्या) वाढेल आणि आई दुसऱ्या दिवशी मोजे फेकून देईल. त्यापेक्षा साबण. स्वयंपाकाला हात लावण्याआधी, पाणी पिण्याआधी, नखांच्या कडेपर्यंत.

पानांचं म्हणाल तर तेंदूचं पान म्हणजे तंबाखू नव्हे, त्यात निकोटिन नसतं. वहिनींना पानं कापायची असतील तर कापू द्या, पण सुपापासून लांब आणि वेगळ्या कात्रीनं. बुरशी धरलेली, कुबट वासाची पानं मात्र त्यांना देऊ नका.

शेंगाचटणी

भाऊ, मी विडीच्याच घरातली. माझी आई, मावशी, आत्या सगळ्या वळायच्या. सेफ्टीबूट यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण तुमच्या आईला हे सांगायचं कसं ते पुरुषांना कळत नाही म्हणून लिहिते.

'तुझ्या कामानं बाळाला त्रास होतोय' असं बोलूच नका. त्या बाईनं त्याच कामावर तुम्हाला वाढवलंय, तिला तो आरोप वाटणार. त्यापेक्षा 'डॉक्टरांनी तिला पंख्याखाली बसायला सांगितलंय, रक्त कमी आहे' असं सांगा. पंखा लागला की सूप आपोआप बाहेर जातं. आमच्याकडं तर बाया एकीच्या ओट्यावर जमूनच वळायच्या, गप्पा मारत हातही लवकर चालायचा. शेजारणीचा ओटा सावलीचा असेल तर तिथं बसवा. बायकोनं बोलायचं नाही, तुम्ही बोलायचं. सुनेनं सांगितलं की भांडण, लेकानं सांगितलं की लाड. असंच असतंय की.

आमची आई कामाला एक जुनी साडी ठेवायची, उठली की ती दाराबाहेर दोरीवर. मावशीनं कधी केलं नाही, तिच्या पदराला कायम जर्द्याचा वास. तिची लेकरं मांडीवर गेली की शिंका द्यायची.

आणि आणखी एक, आता नाही पण बाळ रांगायला लागलं की लागणार आहे. माझ्या चुलत बहिणीच्या लेकरानं खाली सांडलेली तंबाखू तोंडात घातली होती. तोंडातून लाळ गळायला लागली, उलटी झाली, पांढरं फटक पडलं. वेळेत नेलं म्हणून वाचलं. सुपाची जागा आत्ताच बदललीत तर पुढच्या वर्षी ही भीती राहणार नाही.

स्टेथोवाला

एमबीबीएस आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. न तपासता निदान करत नाही, पण काही गोष्टी सांगतो.

सगळं तंबाखूवर ढकलू नका. गरोदरपणात एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ९.२ ला धडधड, डोकेदुखी, थकवा नुसत्या त्यानंही होतो. गोळी चहाबरोबर घेत असतील तर अंगी लागत नाही, चहा आणि गोळीत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. बीपी, साखर, थायरॉइड झालं नसेल तर करून घ्या. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, चेहरा-हात सुजले, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. माहेरी बरं वाटतं आणि घरी दुपारनंतर त्रास, ही गोष्ट मात्र पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा. 'घरात विडीचं काम चालतं' हेही सांगा. आपण सांगत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत कुणी विचारत नाही.

निकोटिन वारेतून, म्हणजे प्लासेंटातून बाळाकडे जातं, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. पण किती गेलं यावर सगळं अवलंबून. म्हणून आता एक विचारतो, राग मानू नका. वहिनी मशेरी लावतात का?

विचारायचं कारण असं. मुंबईत १२१७ बायकांवर केलेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. गरोदरपणी धूर नसलेली तंबाखू, म्हणजे मुख्यतः मशेरी वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. तो आकडा तोंडात तंबाखू धरणाऱ्यांचा आहे, धुळीचा नाही, हे लक्षात ठेवा. हिरडीतून जेवढं निकोटिन जातं त्यापुढं खोलीतली धूळ किरकोळ.

कोटिनिनची तपासणी लॅबमध्ये होते. कोटिनिन अंगातून निम्मं व्हायला साधारण १६ ते २० तास लागतात, गरोदरपणात त्याहून लवकर होतं. म्हणजे फक्त मागच्या दोन-तीन दिवसांचं कळणार. आकडा काहीही आला तरी तुम्हाला करायचं तेच आहे, तेव्हा ते पैसे अंडी-खजुराला लावा.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही वाकडे झाला नाहीत हे खरंच. जन्मताना वजन किती होतं ते आईला विचारा. बहुतेक कुणी केलेलंच नसेल.

लालबावटा

पेन्शनचं लिहिलंय म्हणून. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरखात्यातल्या, म्हणजे घरी बसून विडी वळणाऱ्या बायांनाही कामगार धरलं, आणि त्यांना पीएफ लागू आहे हे सुप्रीम कोर्टानं १९८५ साली मान्य केलं. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. आईच्या कार्डावर विड्या रोज चढतायत ना, पीएफ नियमित भरला जातोय ना, हे बघून घ्या. आमच्या ओळखीत एकीची किती तरी वर्षं कार्डावर धडच नव्हती. ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या दवाखान्यातही जाता येतं. घरखात्यातल्या बाईला दवाखाना विसरायला होतो.

हुरडापार्टी

मघाशी घाईत लिहिलं, राग नसावा. एवढं सगळं असतं हे माहीत नव्हतं.

पूर्वभागवाला

सगळ्यांचे आभार. शेंगाचटणीताई, तुमची युक्ती लागू पडली. आई स्वतःच सूप उचलून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर गेली, वर मलाच म्हणते, "आधी नाही का सांगायचं, पोरगी उकडून मरायली की!" डबा आणलाय, पिशवी पलंगाखालून निघाली.

स्टेथोवाला, तुमचा प्रश्न वाचून मी आधी वैतागलो होतो. आमच्या हिला कसलीही सवय नाही असंच मी कुणालाही सांगितलं असतं. रात्री विचारलं. लावते. लग्नाआधी नव्हती, दिवस गेल्यावर मळमळतं म्हणून आईनंच आपल्या डबीतली दिली, 'तोंड साफ राहतं' म्हणून. आता दुपारी जेवल्यावर आणि संध्याकाळी, दोनदा लागते. माहेरी वडिलांच्या धाकानं लावत नव्हती.

म्हणजे दुपारनंतरचा त्रास यानंच का? आणि एकदम बंद केली तर बाळाला काही होईल का?

स्टेथोवाला

वेळ जुळते खरी. शिवाय तिकडं विडी नाही आणि मशेरीही नाही, त्यामुळं माहेरच्या आरामाचं श्रेय दोन्हींना द्यावं लागेल. पण एचबीची गोष्ट आहेच, ती सोडू नका.

एकदम बंद करायला हरकत नाही, बाळाला त्यानं काही होत नाही. वहिनींना चिडचिड, डोकेदुखी, तलफ जाणवेल, पहिले काही दिवस जास्त, मग दोन-चार आठवड्यांत कमी होत जातं. तलफ आली की चूळ भरायची, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरायची. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. दातांना साधी पेस्ट. निकोटिनचं च्युइंगगम दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका, गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६, फुकट आहे. आणि मशेरीच्या डबीवरून घरात कुणी कुणाला बोलायचं नाही. आईनं वाईटासाठी दिली नव्हती. डबी मात्र आईनं स्वतःच्या ताब्यात ठेवावी, सुनेच्या हाताला लागेल अशी नको.

शेंगाचटणी

आईलाही सोडायला सांगा की त्या निमित्तानं. दोघी मिळून सोडतील. नातवासाठी म्हटलं की करतात या बाया.

पूर्वभागवाला

आईचं बघू. आज तर डबी कनवटीला लावून बसलीय.

एक शेवटचं विचारतो, सेफ्टीबूट यांना. मी कारखान्यातून येतो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत टॉवेलची भुरी असते. तसाच घरात येतो. त्याचं काही?

सेफ्टीबूट

दाराबाहेर झटका, कपडे बदला, आंघोळ करून मग आत. वहिनींसाठी एवढं पुरे. तुमचं स्वतःचं मात्र वेगळं आहे. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का, खोकला येतो का, आणि पुढच्या दिवसांत कमी होतो का, हे बघून ठेवा. होत असेल तर इथं नको, नवीन धागा काढा. किती वर्षं लूमवर आहात आणि विडी-सिगारेट ओढता का, हे त्यात लिहा.