अनुभव धागा : घरचं माणूस आत असताना

माझा मावसभाऊ सध्या छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. कच्चा कैदी, खटला अजून उभा राहायचाय. तो आत गेल्यापासून मावशीच्या घरी जो तो वकिलाबद्दल बोलतो. मुलाखतीला, म्हणजे आत भेटायला, कोण जाणार, सोबत काय न्यायचं, त्या काही मिनिटांत बोलायचं तरी काय, हे कुणी सांगत नाही. नातेवाइकांत विचारायची सोय नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत अशी घरं आहेत आणि सगळी तोंड मिटून आहेत. म्हणून हा धागा.

विनंती एकच. गुन्हा काय होता, केला की नाही, हे इथे काढू नका, त्याला कोर्ट आहे. संपर्क कसा ठेवलात, कशाचा उपयोग झाला, कशानं डोकं उठलं, ते लिहा. टोपणनाव चालेल, गावाचं नाव नको, जिल्हा पुरे.

माझं निरीक्षण आधी टाकते. मुलाखतीच्या रांगेत बायकाच जास्त असतात. मावशी म्हणते, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून. मला नाही पटत. पुरुष पहिल्या दोन-तीन महिन्यांत गळतात, हे खरं कारण.

कोयत्याची लेक, बीड जिल्हा

बाप आत गेला तेव्हा मी सातवीत होते. आई ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला कचरतो. शेवटी मामा आईच्या जोडीला उभा राहिला. दसरा-दिवाळी झाली की आई कारखान्यावर, ती थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत. म्हणजे निम्मं वर्ष बापाला भेटायला आजी आणि मी.

आजीला ते काचेतून बोलणं कधी जमलंच नाही. मधे काच, दोन्हीकडं फोनचा रिसीव्हर. आजी रिसीव्हर कानाला लावायची, पण बोलायची काचेशी, तोंड पार जवळ नेऊन. काचेवर वाफ धरायची. मग ती पदरानं काच पुसत बसायची आणि बाप पलीकडून ओरडायचा, "माय, फोनमधी बोल, फोनमधी!" शेजारच्या खिडकीवरचे लोक हसायचे. निम्मी वेळ यातच जायची. पुढं आम्ही ठरवून घेतलं, आजीनं नुसतं बघायचं, बोलायचं मी. निघताना तिला रिसीव्हर द्यायचे, ती एवढंच विचारायची, "जेवायलास का नीट?"

बाप खटल्याचं फारसं विचारत नसे. गाय गाभण राहिली का, आईची उचल फिटली का, विहिरीला पाणी किती हाय. आजीनं मला बजावलं होतं, सगळं बरं हाय म्हणायचं. त्याला ते पटायचं नाही, तोंडावर दिसायचं. गाय विकली तेव्हा मी सांगून टाकलं. त्या दिवशी तो पुढं बोललाच नाही. पुढच्या भेटीला म्हणाला, "बरं केलंस सांगितलं. नाहीतर मी हितं बसून रोज तिला चारा घालायलो होतो."

पत्रंही लिहायचे, निळं आंतर्देशीय. बापाला वाचता येत नाही, बराकीतला एक जण वाचून दाखवायचा. त्याच्या आधी कार्यालयात वाचलं जातं. म्हणजे एका पत्राला तीन वाचणारे, हे धरूनच लिहायचं. भावकीतलं भांडण, जमिनीची मोजणी, कोण साक्षीदार कुठं दिसला, यातलं अक्षर नाही. पाऊस, शाळा, कुणाचं लग्न ठरलं. माझं मराठीचं शुद्धलेखन त्या पत्रांमुळं सुधारलं, हे बाईंना कधी सांगितलं नाही.

परभणीकर

मेव्हणा आत, धावपळ माझी. व्यवहाराचं तेवढं सांगतो.

आधार कार्ड मूळच न्या, झेरॉक्सवर भागत नाही. आतल्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. आमच्या मेव्हण्याच्या नाव-आडनावाचा दुसरा एक जण आत निघाला. बापाचं नाव आणि क्रमांक नसल्यानं मनीऑर्डर परत आली आणि इकडं मेव्हणा समजून बसला की आम्ही त्याला टाकलं.

घरचा डबा आत जात नाही. सासूबाईंनी रात्री जागून केलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी परतीला स्टँडवर खाल्ली, त्यांनी शिवली नाही. आत कॅन्टीन असतं. साबण, तेल, बिस्किटं तिथूनच घ्यायची, पैसे त्याच्या खात्यावर टाकायचे. महिन्याची रक्कम ठरवून सांगा आणि तिच्यावर ठाम राहा. दर भेटीत "पैसे टाका" एवढंच ऐकू यायला लागलं की जाणारा माणूस विटतो. मी विटलो होतो. रक्कम बांधून दिल्यावर तो विषयच संपला, आणि मग कळलं की मेव्हण्याला माझ्याशी क्रिकेटवर बोलायचं असतं.

आणि गेटबाहेर "आत पोचवतो, आपली ओळख आहे" म्हणणारे भेटतात. त्यांच्या हातावर रुपया ठेवू नका.

जालन्याची सून

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलाखती बंद झाल्या आणि व्हिडिओवर भेट सुरू झाली. आता ई-मुलाकातच्या पोर्टलवर नोंदणी करून वेळ घेता येते. लांबच्यांना, म्हाताऱ्यांना बरं आहे. पण आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं. दिरांचा चेहरा मोबाइलवर आला की अख्खा वाडा कान देऊन. मग मी आणि सासरे मोटारसायकलवर शेतात जायचो. तिथं कुणी ऐकत नाही, पण रेंजही नाही. शेवटी बांधावरच्या एका ठरावीक बाभळीखाली दोन काड्या मिळतात हे शोधून काढलं.

वेळ संपली की स्क्रीन बंद, वाक्य पुरं होवो न होवो. म्हणून कामाचं आधी बोलायचं : तारीख कधी, वकील भेटला का, औषध मिळतं का. रडायचं शेवटी. सासऱ्यांना हा क्रम कठोर वाटायचा, पण तोच उपयोगी पडला. दिरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद झाल्यात हे सुरुवातीलाच विचारल्यामुळं कळलं. आम्ही जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी आतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडं पोचवली.

विधी सेवेच्या पॅनलवरची वकील, नांदेड

मी नातेवाईक नाही, तरी लिहिते. रोज माझ्यासमोर जमीन विकून आलेली माणसं बसतात.

कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कैद्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोनवर १५१००. "फुकटचा वकील काय करणार" हे मला तोंडावर ऐकवून मग हायकोर्टाच्या खंडपीठातल्या वकिलाला एकर विकून पैसे देणारे बघितलेत. द्या, पण आधी एकदा इथं येऊन विचारा तरी.

जामीन होऊनही माणूस आतच, असंही फार होतं. जामीनदार नाही, सातबारा सामाईक, ऐपतीचा दाखला तहसीलला अडकलेला. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलंय की जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ईमेलनं गेला पाहिजे, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी आमच्या प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे : २०२३ मध्ये ठरलेली मर्यादा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, पक्क्याच्या, म्हणजे शिक्षा लागलेल्याच्या, दंडासाठी २५ हजारांपर्यंत होती. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), अमली पदार्थ अशा काही गुन्ह्यांना ती योजना नाही.

कलम ४७९ पण लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. त्या कलमानं, याआधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि अंगावर आणखी खटले नसतील तर. घरच्यांनी अटकेची तारीख कॅलेंडरवर लिहून हिशेब ठेवावा. आतला माणूस दिवस मोजतोच, पण त्याला कलम माहीत नसतं.

आणि हो, तारखेला कोर्टात भेट होईल म्हणून पोरंबाळं घेऊन येऊ नका. बऱ्याच पेश्या आता व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर, होतात. आरोपी पडद्यावर अर्धा मिनिट दिसतो. आदल्या दिवशी वकिलाला विचारा.

लातूरची बहीण

मी जात नाही. पत्र नाही, पैसे नाहीत. सख्खा भाऊ आहे. त्यानं वहिनीचं काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तिची मुलगी माझ्याकडं वाढतेय. आई जाते, तिला मी एसटीत बसवून देते आणि परत आली की गरम पाणी ठेवते. तिनं तिथलं काही सांगितलं तर ऐकते. एवढंच माझं. धाग्यात हेही असू द्या.

पैठणहून सुटलेला

ताई, असू द्या म्हणजे काय, असायलाच पाहिजे. आत असे बरेच आहेत ज्यांना कुणी येत नाही, आणि त्यांतल्या काहींना त्याचं कारण नीट माहीत असतं.

मी हर्सूलला होतो, शिक्षा लागल्यावर वर्तणूक बघून पुढं पैठणच्या खुल्या कारागृहात पाठवलं. तिथं दिवसभर शेतात काम, संध्याकाळी हजेरी. माझी बायको यायची, पोरं यायची, पण मला खरं जगवलं ते एका मित्राच्या पत्रांनी. तो धीर देणारं काही लिहायचा नाही. मोंढ्यात सोयाबीन काय भावानं गेलं, कापसाला बोंडअळी लागली, पारावर कोण कुणाशी बोलेनासं झालंय, सरपंचाची गाडी नाल्यात गेली. मी उत्तरात त्याला खताचे सल्ले द्यायचो. तो ते ऐकायचा की नाही देव जाणे.

पहिली संचित रजा (कैद्याला काही दिवस घरी जायला मिळणारी फर्लो) मिळाली तेव्हा चुलत्यानं जामीन घेतली. रजेच्या अर्जावर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवतात, तेव्हा घरच्यांनी आधीच गावात बोलून ठेवलेलं बरं. ज्यांच्याशी माझं भांडण झालं ते घर आमच्याच आळीत. बायकोनं त्यांच्याकडं जाऊन सांगितलं, "हे यायलेत, दाराबाहेर निघणार न्हाईत." मी निघालो नाही. हजर व्हायच्या तारखेच्या आदल्या दिवशीच परत निघालो. एक दिवस उशीर झाला तर पुढच्या रजेवर पाणी पडतं.

सुटकेचं एक सांगतो. आदेश पोचून कागद होईस्तोवर बहुतेक वेळा संध्याकाळ होते. आतून आलेल्या माणसाकडं चालू मोबाइल नसतो आणि गावाकडची शेवटची गाडी गेलेली असते. कुणीतरी गेटवर थांबा, आणि त्या रात्रीची मुक्कामाची सोय करून ठेवा. मला घ्यायला आलेल्यांनी सत्कार ठेवला होता, हार वगैरे. कृपा करून ते करू नका.

एक वाचक, हिंगोली जिल्हा

भाचा नऊ वर्षांचा आहे. त्याला "बाबा पुण्याला कामाला गेलेत" असं सांगितलंय. आता शाळेत पोरं काही बोलतील अशी भीती वाटते. काय करावं? आणि त्याच्या शिक्षणासाठी काही मदत मिळते का?

कोयत्याची लेक, बीड जिल्हा

मला आजीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, चुलीपुढं बसवून. त्यामुळं वर्गात पोरगं बोललं तेव्हा मला ते नवीन नव्हतं, मी त्याला "मग?" एवढंच म्हटलं. लहान मुलांसाठी तुरुंगात गळाभेटीचा कार्यक्रम ठेवतात, त्यात काच नसते, बापाच्या मांडीवर बसता येतं. पण त्याला कुठं नेताय हे आधी सांगावंच लागेल ना. पुण्याला म्हणून हर्सूलला कसं नेणार?

मदतीचं म्हणाल तर बालसंगोपन योजना बघा. आई किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलालाही ती मिळू शकते, आता महिना २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज, मग बालकल्याण समितीपुढं मुलाला घेऊन जावं लागतं. आमच्याकडून बाप आत असल्याचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि मुलाच्या नावाचं बँक खातं मागितलं होतं. दाखला मुलाखतीच्या दिवशीच मागून ठेवा, नाहीतर त्यासाठी वेगळी खेप पडते.