मदत हवी आहे: परसाचं काम काढायचंय. आधी लँडस्केप डिझाइन करून घ्यावं की थेट ठेकेदाराला द्यावं?

मंडळी, नमस्कार.

शिरोड्याला (गोवा, फोंडा तालुका) आमचं नवं दुमजली घर गेल्या वर्षी उभं राहिलं. आई-बाबा तिथेच राहतात. आम्ही नोकरीमुळे पणजीला, पण शनिवार-रविवार मुक्काम शिरोड्यालाच. घराच्या मागे, उत्तरेला, साधारण ३५० चौरस मीटर मोकळी जागा आहे. मोकळी म्हणजे उरलेले चिरे, रेतीचा ढीग, आणि ट्रकच्या चाकांनी कुदळ लागणार नाही इतकी टणक झालेली माती.

जागेत काय आहे ते आधी सांगतो. घराच्या कोपऱ्याजवळ मानकुराद आंब्याचं जुनं झाड, दोन माड, एक भिरंड (कोकम), पश्चिमेला विहीर. जमिनीचा उतार मागून घराकडे येतो. मागची हद्द घरालगतच्या जमिनीपेक्षा पाचेक फूट उंच आहे आणि तिच्या वर शेजाऱ्यांची काजूची भरड (उताराची कोरडवाहू जमीन). गेल्या पावसाळ्यात तांबडं पाणी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीला लागून वाहत होतं. आत आलं नाही एवढंच.

आता प्रत्येकाच्या मागण्या. आईला अबोली, जास्वंद, भाजीचे दोन वाफे आणि कपडे वाळत घालायला ऊन. मुलांना हिरवळ. बाबांना आंब्याखाली बसायला जागा. भावाला दगडी ओटा आणि पाहुण्यांसाठी फरसबंदी. मला पाणी घराकडे यायचं थांबलं की पुरे.

गावातल्या एका ठेकेदाराने जागा पाहून तिथल्या तिथे आकडा सांगितला. मागची बाजू कापायची, ती माती पुढे भरायची, सगळं एका पातळीत आणायचं, हद्दीला चिऱ्यांची भिंत, घरालगत पेव्हर (फरसबंदीचे ठोकळे), उरलेल्यात लॉन. 'पावसाआधी उरकून देतो.' मी नकाशाचं विचारलं तर हसून म्हणाला, "पात्रांव, कागदार बाग जायना." (साहेब, कागदावर बाग होत नाही.)

बायकोचं म्हणणं, आधी लँडस्केप आर्किटेक्टला दाखवू. बाबांचं म्हणणं, परसाला कसला आर्किटेक्ट, ते पैसे रोपांना घालू. प्रश्न असे:

एवढ्याशा जागेसाठी डिझाइनची फी देणं योग्य आहे का? डिझाइन करणारा नेमकं काय देतो? आणि यात वेळ गेला नि पाऊस आला तर वर्ष फुकट जाणार का?

कृपया अनुभवी लोकांनी सांगावं. 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' छाप प्रतिसाद घरातच भरपूर मिळाले आहेत.

– शिरोडकर_पणजीकर

---

रेषा_आणि_रोपं:

याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटू शकेल. म्हणून फीचं बाजूला ठेवून फक्त तुमच्या जागेबद्दल बोलते.

ठेकेदाराच्या बेतात मला सगळ्यात जास्त खटकलं ते आंब्याजवळचं भरणं. झाड घराजवळ, म्हणजे खालच्या भागात आहे. सगळं एका पातळीत आणायचं तर त्याच्या बुंध्याशी दोनेक फूट माती चढणार. आंब्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या थरातच असतात, त्यांना हवा लागते. ती पुरली की झाड त्या वर्षी काही बोलत नाही. एक-दोन पावसाळे गेले की शेंडे सुकायला लागतात, आणि तोवर ठेकेदाराचा हिशेब मिटलेला असतो. मुळात फांद्यांचा घेर जिथवर आहे तिथवर भरणंही नको आणि खोदकामही नको. बाबांची बसायची जागा तिथेच आहे त्याच पातळीवर, मातीवर चिरे मांडून करा. काँक्रीट नको.

दुसरं, घरालगत माती भरली की जोत्याची उंची आपोआप कमी होते. आज पायरीला लागणारं पाणी उद्या भिंतीला ओल देईल.

तिसरं, भिंत. पाच फूट माती अडवणारी भिंत ही कुंपणाची भिंत नव्हे. पावसाळ्यात तिच्यामागची माती पाणी पिऊन फुगते आणि ढकलायला लागते. मागे खडीचा थर आणि पाणी बाहेर पडायला भोकं नसतील तर चिऱ्याची भिंत पोट काढते. त्यापेक्षा अडीच-अडीच फुटांचे दोन टप्पे करा. वरचा टप्पा भाजीला, खालचा मोकळा. मुख्य म्हणजे वरच्या हद्दीलाच आडवी चर काढून डोंगराचं पाणी घराच्या बाजूने वळवून पुढे न्या. हे पाणी परसात शिरूच द्यायचं नाही.

आता पेव्हर. समजा १०० चौरस मीटरवर फरसबंदी केली आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला. जुलैत आपल्याकडे असे दिवस येतातच. त्या एका तुकड्यावर १०,००० लिटर पाणी पडलं. ते कुठे जाणार हे फरशी बसवायच्या आधी ठरवायला लागतं, आणि उतार घरापासून लांब ठेवायला लागतो: साठ फुटांना एक फूट तरी. 'पातळी' हा शब्द ठेकेदार वापरतो तेव्हा मला धडकीच भरते. परसात सपाट असं काही नसावं.

शेवटचं, ऊन. तुमचं परस उत्तरेला आहे. डिसेंबरात गोव्यात भर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून साधारण ५१ अंशांवर असतो. घर सात मीटर उंच धरलं तर भर दुपारीही मागे साडेपाच मीटरपर्यंत सावली. मे ते जुलै मात्र दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला जातो, तेव्हा तीच जागा तापते. म्हणजे घराला चिकटून लॉन केलं तर ते थंडीत झुरणार, आणि आईंचे कपडे तिथे वाळणार नाहीत. कपडे नि भाजी मागच्या टप्प्यावर, फरसबंदी घराजवळ. हे कागदावर अर्ध्या तासात कळतं.

---

कुळागरवाला:

बाबांची बाजू घेतो थोडी. आमच्या सावईवेऱ्याच्या कुळागरात (पोफळीच्या बागायतीत) कोणी आर्किटेक्ट आला नव्हता. पोफळी, माड, केळी, मिरी, जायफळ सगळं जिथल्या तिथे आहे. इतका बाऊ कशाला?

---

रेषा_आणि_रोपं:

@कुळागरवाला, तुमच्या कुळागरात आधी काय आलं? झरीचं पाणी कुठून उतरतं ते पाहून पाट काढले, मग टप्पे बांधले, मग पोफळी, आणि सावली झाल्यावर मिरी. नकाशा नव्हता कारण जागा पिढ्यान्‌पिढ्या पाहणारा माणूस तिथेच राहत होता. शिरोडकरांच्या परसात तो माणूस नाही, उद्या सकाळी जेसीबी मात्र आहे.

---

कुळागरवाला:

हे पटलं. पाट आधी, हे खरं.

---

चिरेबंदी:

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. गोव्यात डोंगरकाप आणि सखल जमिनीची भरणी यांवर नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या (१९७४) कलम १७-अ खाली बंधन आहे, आधी परवानगी लागते. तुमची जागा त्यात बसते की नाही हे तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयात विचारा, ठेकेदाराला नको. झाड तोडायचं असेल तर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. स्वतःच्या परसातलं असलं तरी.

आणि वरच्या शेजाऱ्याची हद्द कापताना त्याची माती खाली आली तर भांडण तुमच्या दारात येईल, ठेकेदाराच्या नाही. तुमचं वळवलेलं पाणी खालच्याच्या आवारात सोडलंत तरी तेच.

---

तिसवाडीची_सून:

डिझाइनर शोधताना एक बघा. रोपवाटिकेवाले 'डिझाइन फुकट' म्हणतात. त्यांचा नकाशा म्हणजे त्यांच्याकडच्या रोपांची यादी, गोल-गोल काढलेली. वाईट काही नाही, पण तुमचा प्रश्न पाण्याचा आहे. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे आर्किटेक्चरची पदवी आणि त्यावर लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण. इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही त्यांची संस्था आहे, तिथून सुरुवात करता येईल.

पहिल्या भेटीतच विचारा: पातळ्यांचा नकाशा देणार का? पाण्याच्या निचऱ्याचा? पाइप नि वायरींचा? नुसती थ्रीडी चित्रं देणारा असेल तर चहा पाजून पाठवा. चित्रात सगळ्यांचंच लॉन हिरवं असतं.

फी कोणी चौरस मीटरवर घेतात, कोणी ठोक, कोणी कामाच्या खर्चाच्या टक्क्यांत. लहान जागेला ठोक रक्कम सोयीची, कारण काम वाढलं म्हणून फी वाढत नाही. आणि 'नकाशा अधिक काम चालू असताना ठरावीक भेटी' असं लेखी घ्या.

---

शिरोडकर_पणजीकर:

सगळ्यांचे आभार. रेषाताईंचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. आंब्याचं ऐकून ते उठून झाडाजवळ जाऊन आले आणि म्हणाले, "त्याला आधी फोन करून थांबव." म्हणजे घरातला निम्मा विरोध संपला.

आता पैशांची अडचण उरते. सगळं एका वर्षात झेपणार नाही. नकाशा आज केला आणि काम तीन वर्षांत केलं तर चालतं का? आणि या पावसाआधी निदान काय करावं?

---

रेषा_आणि_रोपं:

चालतं. टप्प्याटप्प्याने करायचं असेल तर नकाशा जास्तच लागतो, नाहीतर पहिल्या वर्षीची फरशी तिसऱ्या वर्षी पाइपसाठी उखडता.

या उन्हाळ्यात: वरची चर, दोन टप्पे, आणि जेसीबी लागेल ते सगळं खोदकाम. पुढे बाग झाली की जेसीबीला आत यायला वाट राहत नाही. चाकांखाली दबलेली माती तेव्हाच खोलवर सैल करून घ्या, शेणखत, पालापाचोळा घाला. आपली जांभ्याची माती आंबट, तिच्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, त्यामुळे नुसती बाहेरची तांबडी माती ओतून काही साधत नाही. मातीची तपासणी करून घ्या. जुन्या गोव्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करा.

जिथे पुढे फरसबंदी येणार तिथे आताच चार इंची पीव्हीसी पाइपचे रिकामे तुकडे आडवे पुरून ठेवा. दिव्याची वायर, ठिबकची नळी, पुढे जे सुचेल ते त्यातून जाईल.

जूनमध्ये पाऊस धरला की मोठी झाडं लावा. लॉन पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरनंतर. ओटा नि पेव्हर पुढच्या वर्षी, एक पावसाळा पाणी कसं वाहतं ते पाहून. पेव्हर खरखरीत घ्या. गुळगुळीत फरशी शेवाळ धरते आणि आई घसरतील.

बसायची जागा किंवा मुलांचा झोपाळा माडांखाली नको, नारळ पडतात. नवा माड लावलात तर दोघांत साडेसात मीटर अंतर ठेवा.

एक विचारायचं राहिलं: सेप्टिक टँकचा शोषखड्डा कुठे आहे? विहिरीपासून किती लांब?

---

शिरोडकर_पणजीकर:

खड्डा पूर्वेच्या बाजूला, विहीर पश्चिमेला. साठ फूट तरी असेल, मोजून सांगतो. आईची भाजी पूर्वेला खड्ड्याजवळ आखली होती, तिथे माती ओली राहते म्हणून.

---

रेषा_आणि_रोपं:

साठ फूट असेल तर ठीक. भाजी मात्र तिथे नको, ती ओल कशाची आहे ते आईंना सांगा. तिथे फुलझाडं लावा. सर्व्हेअर येईल तेव्हा शोषखड्डा, विहिरीचा काठ, घराचं जोतं, आंब्याचा बुंधा आणि पुढच्या रस्त्याचं गटार या पाचही ठिकाणच्या पातळ्या घ्यायला सांगा. गटार चरीच्या तळापेक्षा खाली आहे का, हे त्यावरून कळेल. नसेल तर पाणी दुसरीकडे काढायला लागेल आणि सगळा बेत बदलेल.