मदत हवी आहे : वाड्यात जुनी बंदूक सापडली, नेमकी कोणती? (नागपूर)

माळ्यावरचा_माल :
उमरेडकडच्या आमच्या जुन्या वाड्याची आवराआवर चालू आहे, माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब बंदूक निघाली. लाकूड चांगलं आहे, लोखंडाला गंज आहे, बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि इंग्रजीत टॉवर लिहिलंय. काका म्हणतात सत्तावन्नची एनफिल्ड, ज्या काडतुसांवरून बंड पेटलं तीच. खरं काय ते सांगा ना कोणी, नेटवर शोधून शोधून डोकं फिरलं आणि या आठवड्यात वाड्याला कुलूप लागून राहिलं.

बर्डीचा_भाऊ :
फोटो कुठाय भाऊ? पट्टीवर साल आहे का? मुकुटाखाली अक्षरं कोणती? घोड्याच्या तोंडात चकमक धरायची जागा आहे की खाली टोपी (घोडा आदळला की ठिणगी देणारी छोटी धातूची डबी) बसवायची बोंडी? आणि लायसन कोणाच्या नावावर आहे?

नळी_दस्ता :
ते सगळं नंतर. आधी ती भरलेली नाही ना ते बघा. ठासणीची बंदूक कोणी भरून ठेवून दिली की तशीच राहते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. तोंडासमोर उभं न राहता गज नळीत हळूच शेवटपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून धरा. टोक बोंडीजवळ आलं पाहिजे. चार बोटं आधीच थांबलं तर आत माल आहे असं धरा, घोड्याला हात लावू नका आणि थेट पोलिसांना कळवा.

महालचा_गडी :
नागपूरजवळ सापडली म्हणजे सीताबर्डीच्या लढाईतली असणार! नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीचे शिपाई. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात दाखवा.

बर्डीचा_भाऊ :
काहीही काय. तेव्हा कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. स्फोटक रसायनावर ठिणगी पाडायची कल्पना फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याची, पेटंट १८०७ चं, पण ब्रिटिश पायदळाला टोपीच्या बंदुका मिळायला १८४० चं दशक उजाडलं. बोंडी असेल तर सीताबर्डी विसरा.

तेलपाणी :
गंजाचं टेन्शन घेऊ नका, पॉलिश पेपर मारा, वरून काळा रंग द्या, नवीन दिसते.

नळी_दस्ता :
हात जोडतो, पॉलिश पेपर लावू नका! पट्टीवरचे शिक्के हीच तिची जन्मपत्रिका आहे, एकदा घासले की गेले. मऊ कापडाने थोडं तेल पुसा, बस.

माळ्यावरचा_माल :
गज लावून बघितला, रिकामी आहे. बोंडी आहे. घोड्याच्या मागे मुकुट, खाली व्ही आर (राणी व्हिक्टोरिया), पुढे टॉवर आणि १८६२. नळीवर तीन कड्या. नळीच्या तोंडात मोबाईलचा टॉर्च मारला तर आत खाचा वगैरे काही नाही, गुळगुळीत, तोंड साडेसोळा मिलीमीटर भरलं. मागची माशी, नेम धरायची ती, म्हणजे नुसती खाच असलेला ठोकळा. आता सांगा एनफिल्ड का नाही?

नळी_दस्ता :
हे आधी सांगायला पाहिजे होतं, अंगावर काटा आला वाचून! १८५३ च्या एनफिल्डचं तोंड .५७७ इंच, म्हणजे साडेचौदाच्या आसपास, आणि आत पीळदार खाचा. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याची पोकळ बुडाची गोळी उडताना फुगून त्या खाचांत बसायची, म्हणून तर लांबवर नेम लागायचा, आणि अंतराप्रमाणे वरखाली होणारी माशी त्यासाठीच होती. बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना तसली रायफल द्यायचंच बंद केलं. दिसायला तीच बंदूक, पण नळी आतून मोठी आणि गुळगुळीत केलेली, साधारण .६५६ इंच, माशी काढून नुसता ठोकळा. शिपायाच्या हातात शस्त्र द्यायचं पण गोऱ्यापेक्षा कमी पल्ल्याचं! तुमची मापं तंतोतंत त्याच जातीची आहेत. म्हणजे काकांची बंदूक बंडातली नाही, बंडाच्या भीतीतून जन्मलेली आहे, आणि मला विचाराल तर ती जास्त बोलते.

बर्डीचा_भाऊ :
घाई करू नका. शिकारीसाठी कोणीतरी नंतर नळी मोठी करून घेतली असेल तर? तसं असेल तर मूळची वरखाली होणारी माशीही काढली असेल, म्हणून माशीच्या पुढेमागे नळीवर जुन्या डाकाच्या (धातू वितळवून जोडल्याच्या) खुणा दिसतात का बघा. आणि अफगाण सरहद्दीवर टॉवरच्या, म्हणजे लंडनच्या सरकारी शस्त्रागाराच्या शिक्क्याच्या नकला भरपूर झाल्या, अक्षरं उलटी किंवा वेडीवाकडी असली तर नक्कल. त्यामुळे फोटो द्या, तिसऱ्यांदा म्हणतोय.

शेतकरी_कुही :
आमच्याकडे रानडुकरांनी तुरीचा पार सत्यानाश केला, पीकसंरक्षणाचं लायसन अजून मिळतं का कोणाला माहीत आहे काय?

कायद्याचं_बोला :
२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

माळ्यावरचा_माल :
हे कोणी विचारलं? माझ्याकडे एकच आहे आणि दीडशे वर्षं जुनी आहे, अँटिकला लायसन लागत नाही ना?

कायद्याचं_बोला :
नुसती जुनी असून भागत नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५. जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच. तुमच्या बंदुकीचा घोडा चालतो का?

माळ्यावरचा_माल :
चालतो, कडक आहे.

कायद्याचं_बोला :
मग वाड्यातच राहू द्या, नागपूरला गाडीत टाकून आणू नका. काकांना घेऊन तिथल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, शिक्के आणि साल लिहा, पोच घ्या. जमा करायला सांगितलं तर पावतीवर पूर्ण वर्णन येऊ द्या.

माळ्यावरचा_माल :
ठीक, उद्या सकाळी ठाण्यात जातो. माशीजवळ डाकाच्या खुणा नाहीत, बोट फिरवून बघितलं, सगळं सपाट. फोटो रात्री टाकतो, गावात नेट नाही.