मदत हवी: फेरीबोटीत गाडी खालून घासतेय, उद्या पुढची फेरी आहे, लवकर सांगा

बिनछपराचा:
नमस्कार. मी आणि बायको अलिबागवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला निघालोय. आज फेरीबोटीतून उतरताना गाडी खालून जोरात घासली, सायलेन्सरचा क्लॅम्प वाकलाय. उद्या परत फेरी आहे आणि त्यानंतर अजून एक. बायको उतरायला तयार नाही त्यामुळे वजन कमी करणं शक्य नाही. काही ट्रिक असेल तर सांगा. "फेरी घेऊ नका" हे कृपया सांगू नका, हायवेने जायचं असतं तर हायवेनेच आलो असतो. जरा पटापट, इथे रेंज फक्त खोलीच्या पायरीवर येते.

पुणेरी_पाना:
गाडी कोणती? इथे म्हणजे कुठे? कुठली जेटी? फोटो टाका.

सहकुटुंब:
आम्ही डिसेंबरात इनोव्हा नेली होती, आगरदांडा-दिघीपासून थेट जयगडपर्यंत सगळ्या फेऱ्या घेतल्या, कुठेही टेकली नाही. मुलं, सासूबाई, वर आंब्याची दोन कलमं, सगळं आरामात. पुढच्या वेळी मोठी गाडीच घ्या.

कुडाळचो_झील:
अरे पण गाडी खंयची ता तरी सांग. वॅगनार घासली आसात तर गोष्ट वेगळी, ट्रॅक्टर घासलो आसात तर वेगळी.

बिनछपराचा:
इनोव्हा नाही हो. दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आहे, जुन्या लोटस सेव्हनच्या धाटणीची. फायबर बॉडी, इंजिन काँटेसावालं इसुझू १८००. क्लिअरन्स मोजला नाही पण खाली चप्पल आडवी जाते, उभी जात नाही. आत्ता हर्णैला आहोत. घासली ती वेश्वीला. आता कृपया उत्तर.

पुणेरी_पाना:
वा! चिंकाराची रोडस्टर का? अलिबागजवळ कार्लेखिंडीत बनायची ती. तिलाही हेच इसुझू इंजिन.

बिनछपराचा:
नाही, पण जात तीच. एका हौशी माणसाने हाताने बांधलेली, त्याच्याकडून घेतली.

नियमबापू:
हाताने बांधलेली म्हणजे? आरसी बुकात काय लिहिलंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनमानी बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हात वर करतील तेव्हा इथे धागा काढू नका.

कुडाळचो_झील:
बापू, तो जेटीर अडकलो हा, कोर्टात नाय.

पुणेरी_पाना:
मूळ सेव्हन १९५७ ची, कॉलिन चॅपमनचं डिझाईन, गाडी हलकी ठेवायची हा त्याचा ध्यास होता. आता मुद्दा असा की या गाड्यांची चाकं अगदी टोकांना असतात, पुढे बंपर लांब आलेला नसतो, त्यामुळे नाक सहसा टेकत नाही. पोट टेकतं. जिथे बोटीचा पाट, म्हणजे गाड्या चढायउतरायची फळी, संपून जेटीचा उतार सुरू होतो तिथे नाही, तर जिथे सपाट डेक संपून पाट खाली वळतो त्या कण्यावर. माझं मत, मागच्या कॉइल स्प्रिंगखाली रबर पॅकिंग टाका, गाडी बोटभर उचलली जाईल. दापोलीत कुठल्याही गॅरेजात होईल.

सहकुटुंब:
एका रात्रीत सस्पेन्शन उचलायचं आणि उद्या घाटात बायकोला बसवून चालवायचं? काहीही सल्ले देता राव.

पुणेरी_पाना:
तुमच्या इनोव्हाने प्रश्न सुटतोय का त्यांचा?

हेदवीकर:
भांडा नंतर. बिनछपराचा, उद्या दाभोळ-धोपावे घेणार ना? किती वाजता? आणि वेश्वीला किती वाजता उतरलात?

बिनछपराचा:
वेश्वीला साधारण बारा-साडेबारा झाले असतील. उद्या निवांत जेवून दुपारी दोनच्या सुमाराला दाभोळ गाठू असा विचार. वेळेचा काय संबंध? फेरी तर दिवसभर चालू असते.

हेदवीकर:
संबंध तिथेच आहे. आज नवमी. आमच्याकडे जुनी माणसं हिशोब करतात, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. नवमी म्हणजे पावणेसात. त्यातून सहा तास पुढे गेलात की सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, एकच्या आसपास. तुम्ही बरोब्बर सुकतीत उतरलात. पाणी खाली गेलं की बोट जेटीच्या पार तळाशी लागते, पाट जास्त तिरपा पडतो आणि खाली शेवाळ असतं ते वेगळंच. उद्या दशमी, भरती साडेसातला. सातच्या पुढेमागे पोचा, बोट वरच्या अंगाला लागते, पाट जवळपास आडवा असतो. दुपारी दोनला गेलात तर आजचीच गत. त्यातल्या त्यात बरं एवढंच की अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फार उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आला असतात तर क्लॅम्पवर भागलं नसतं.

पुणेरी_पाना:
हे भारी आहे. मान्य. पण तरी तिरकी चढवा, एक चाक आधी, मग दुसरं. सरळ नेली की पोट कण्यावर बसतं. आणि खलाशाला आधीच सांगा, बोटीवर फळ्या असतात बहुतेक, दोन्ही चाकांखाली घातल्या की तो कोन मोडतो. घाई करून क्लच तापवू नका, पण मध्येच थांबूही नका.

आंबेडाळ:
हर्णैला आहात तर संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघाच! आणि केळशीला कुणाकडे तरी घरगुती जेवण मिळालं तर उकडीचे मोदक आधी सांगून ठेवा. बायको का उतरत नाही हो? भांडण झालंय का?

सहकुटुंब:
तेच विचारणार होतो. पाच मिनिटं उतरून चालायला काय हरकत आहे, तिथे सगळेच प्रवासी उतरून चढतात. समजावा त्यांना, प्रवासात थोडं ॲडजस्ट करावं लागतं.

बिनछपराचा:
समजावा काय समजावा. सायलेन्सर गाडीच्या बाहेरून डाव्या बाजूने जातो, तिच्या दाराच्या खाली, म्हणजे दार नाहीच, पाय टाकून उतरायचं. वेश्वीला उतरताना पोटरी टेकली त्यावर. मोठा फोड आलाय. त्यामुळे ती म्हणतेय गाडीतून उतरणार नाही, आणि उतरली तर परत बसणार नाही.

आंबेडाळ:
अहो हे आधी सांगायचं ना!!! वहिनींना खोबरेल तेल लावा लगेच.

रात्रपाळी:
तेल अजिबात लावू नका. मी नर्स आहे. भाजल्याबरोबर वीसेक मिनिटं गार पाण्याची धार धरायची असते, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही. आता तास झालेत तर फोड फोडू नका, स्वच्छ गॉझ सैल बांधा, कापूस चिकटतो तो नको. हाताच्या तळव्याएवढं भाजलं असेल किंवा डायबेटीस असेल तर दापोलीला दवाखान्यात दाखवूनच पुढे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारा.

आंबेडाळ:
आमच्या आजीने आयुष्यभर खोबरेलच लावलं, कुणाला काही झालं नाही.

रात्रपाळी:
बरं. तरी नको.

हेदवीकर:
वहिनींना धक्क्यावर गाडीतून उतरवूच नका. आधी तिकीटखिडकीपाशी गाडी बंद करून उभी करा, तुम्ही उतरा आणि त्यांना उजव्या बाजूने, तुमच्या सीटवरून काढा. सामानही तिथेच काढा. पलीकडे धोपाव्याला चढ संपला की तशाच उजवीकडून बसवा. आणि ओलं गोणपाट ठेवा बरोबर, उभ्या गाडीच्या सायलेन्सरवर टाकायला. इंजिन चालू असताना टाकू नका, धूर होईल नुसता.

बिनछपराचा:
हे जमेल. त्यानंतरच्या तवसाळ-जयगड फेरीचं काय पण? तिथे पोचेपर्यंत भरती ओसरलेली असेल ना? आणि रत्नागिरीत तिच्या मामेबहिणीकडे संध्याकाळी सत्यनारायण आहे, त्याला वेळेवर पोचलो नाही तर सायलेन्सर परवडला.

हेदवीकर:
बरोबर ओळखलंत. गुहागरला नाश्ता करून तवसाळला जाईपर्यंत अर्धी सुकती. उद्याची दुसरी भरती रात्री आठला, ती तुमच्या उपयोगाची नाही. तवसाळ सोडा. गुहागरहून आबलोली, भातगावचा पूल, जाकादेवी असे उतरा. शास्त्रीची खाडी पुलावरून पार होते, फेरी नको, हायवेही नको. समुद्र दिसत नाही तेवढं सोसा, परतीला आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता करा.

सहकुटुंब:
त्यापेक्षा खेड-चिपळूण करून सरळ हायवे...

कुडाळचो_झील:
तेणा पयल्याच ओळीत नाय म्हणान सांगल्यान हा.

बिनछपराचा (दुसऱ्या दिवशी):
धोपाव्याला उतरलो. तिरकी घेतली, खलाशाने न मागता दोन फळ्या आणून टाकल्या, कुठेही टेकली नाही. बायको उजवीकडून उतरली, ओढणी गिअरच्या दांड्यात अडकली त्यावर माझा उद्धार झाला, बाकी ठीक. दवाखान्यात काल रात्रीच दाखवलं, ड्रेसिंग केलंय. भातगावने निघालोय. रस्ता कसा आहे?

हेदवीकर:
वळणाचा आहे. गावागावात गतिरोधक लागतील, त्यांना रंग असेलच असं नाही. शाळा दिसली की हळू करा.

पुणेरी_पाना:
रत्नागिरीत पोचलात की आधी क्लॅम्प बदला, आणि खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. फायबरला गंज लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, चेसिस लोखंडाचीच असते.

आंबेडाळ:
सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं रसाळं असू द्या म्हणावं.